गाडीतला स्वस्त मोबाइल चार्जर कितपत सुरक्षित?

गाडीत लावायचे मोबाइल चार्जर दिसायला सारे एकाच घडणीचे असतात. अंगठ्याहून थोडा जाड प्लास्टिकचा दांडा, टोकाला स्प्रिंगवर दबणारी धातूची पिन, दोन्ही कुशींना लवचिक पट्ट्या आणि मागच्या बाजूला एक-दोन यूएसबी पोर्ट, एवढाच त्यांचा पसारा. किंमत मात्र एकाची दुसऱ्याच्या दहापट असू शकते, आणि दोन्ही लावून पाहिले तर फोन दोन्हींवर चार्ज होतो. मग जास्तीचे पैसे नेमके कशाचे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. उलट, चार्जरमुळे फोन गेला किंवा सॉकेट वितळले अशा हकिगती ऐकून काही जण स्वस्त चार्जरला हातही लावत नाहीत. मला ही दोन्ही टोके पटत नाहीत. बरा आणि वाईट चार्जर यांतला फरक ते चालू असताना फारसा जाणवत नाही, तो ते बिघडतात तेव्हा कळतो. चांगला चार्जर मुकाट बंद पडतो, वाईट चार्जर जाताना आपल्याबरोबर आणखी काहीतरी घेऊन जातो.

गाडीतले बारा व्होल्ट

आधी तीन शब्द. व्होल्ट हे विजेच्या दाबाचे माप, अँपिअर हे तिच्या प्रवाहाचे, आणि या दोहोंचा गुणाकार म्हणजे वॅट, ज्यावरून प्रत्यक्ष काम किती होते किंवा उष्णता किती निघते ते कळते. पुढे जे काही सांगायचे आहे त्याला एवढे भांडवल पुरते.

मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची म्हणून ओळखली जात असली तरी पूर्ण भरलेली आणि विश्रांतीत असलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू झाले की त्यावर फिरणारा अल्टरनेटर तिला चार्ज करू लागतो आणि तोच आकडा १३.८ ते १४.४ च्या घरात जातो. स्टार्टर फिरत असताना मात्र तो क्षणभर आठ-नऊ व्होल्टपर्यंत, आणि कडक थंडीत त्याहूनही खाली घसरू शकतो. ट्रक आणि बस यांची यंत्रणा बहुधा २४ व्होल्टची असते आणि चालत्या गाडीत ती २८ व्होल्टच्या आसपास राहते. याशिवाय वायपर, पंखे, हॉर्न चालू-बंद होताना तारांतून अतिशय अल्पजीवी झटके धावतात. आणि अल्टरनेटर जोमाने चार्ज करीत असतानाच बॅटरीची सैल झालेली तार निसटली, तर दाब क्षणार्धात कित्येक पटींनी उसळू शकतो. या शेवटच्या प्रकाराला अभियंते लोड डंप म्हणतात. तो क्वचितच घडतो आणि हल्लीच्या अल्टरनेटरमधले डायोड नावाचे घटक तो बराचसा आवरूनही धरतात, पण वाहनांतल्या विद्युत उपकरणांसाठीच्या आयएसओ १६७५०-२ या आंतरराष्ट्रीय मानकात त्याची चाचणी घालून दिलेली आहे ती उगाच नव्हे.

अशा चंचल विजेतून चार्जरने फोनला ५ व्होल्टचा शांत, स्थिर पुरवठा करायचा असतो. यूएसबीच्या मूळ नियमांत त्यासाठी ४.७५ ते ५.२५ व्होल्ट एवढीच मोकळीक दिलेली होती. जलद चार्जिंगच्या पद्धतींत फोन आणि चार्जर आपसात बोलणी करून ९ किंवा त्याहून अधिक व्होल्ट ठरवून घेतात, परंतु ती बोलणी पूर्ण होईपर्यंत पाच व्होल्टचाच करार असतो.

पाण्याची टाकी आणि अडकलेला बॉलकॉक

बारा-चौदा व्होल्टचे पाच व्होल्ट करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जादा दाब उष्णतेच्या रूपाने जाळून टाकणे. १३.८ व्होल्टमधून ५ व्होल्ट मिळवून फोनला एक अँपिअर द्यायचा असेल, तर ५ वॅट फोनला मिळतात आणि ८.८ वॅट नुसतेच तापण्यात जातात. एवढ्याशा प्लास्टिकच्या नळीत हे परवडणारे नाही, म्हणून जवळपास सगळे कार चार्जर दुसरी युक्ती वापरतात. आत एक इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. तो सेकंदाला हजारो वेळा उघडतो आणि मिटतो, आणि त्यातून सुटणारे विजेचे घोट एक कॉइल (तारेचे वेटोळे) आणि एक कॅपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा घटक) सपाट करून पुढे धाडतात.

हे काम हुबेहूब पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखे आहे. पातळी खाली गेली की तरंगता गोळा खाली येतो आणि नळ उघडतो, पातळी भरली की नळ मिटतो. मागून येणाऱ्या पाण्याचा जोर कितीही असो, टाकीतली पातळी खुणेवरच राहते. चार्जरमधल्या चिपलाही असाच एक गोळा असतो: बाहेर जाणाऱ्या दाबाचा चौथा हिस्सा दोन रोधकांच्या, म्हणजे विजेच्या वाटेत अडथळा घालणाऱ्या घटकांच्या, जोडीतून तिला परत दाखवला जातो आणि ती तो आपल्याजवळच्या १.२५ व्होल्टशी ताडून पाहते. (हा आकडा एमसी३४०६३ या जुन्या आणि स्वस्त चार्जरांत सर्रास आढळणाऱ्या चिपचा आहे, इतर चिपांत आकडा बदलतो, तत्त्व बदलत नाही.)

आता बॉलकॉक उघडा राहून अडकला तर काय होते, हे घरात टाकी असणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. चार्जरमधला स्विच जळून कायमचा जोडला गेला, किंवा त्या दोन रोधकांपैकी वरच्याचा डाख हादऱ्यांनी सुटला, तर चिपला वाटते की पातळी अजून भरलेलीच नाही, आणि बॅटरीचा जवळजवळ सगळा दाब सरळ फोनच्या दाराशी येऊन उभा राहतो. नीट बांधलेल्या टाकीला यासाठी ओव्हरफ्लोचा पाइप असतो. नीट बनवलेल्या चार्जरलाही तो असतो: दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की एखादा घटक स्वतःवर भार घेऊन फ्यूज उडवतो किंवा चिप पुरवठा तोडते. हा पाइप नसला तरी टाकी रोज भरते आणि रोज पाणी मिळते. म्हणूनच किंमत कमी करायची असेल तेव्हा सर्वांत आधी तोच गाळला जातो.

उघडून पाहिलेले दोन चार्जर

निकामी झालेले दोन चार्जर मी मध्यंतरी उघडून पाहिले. महागाच्या टोकाची धातूची कडी आटे फिरवून निघाली आणि आतून शेंगेसारखा लांबट काचेचा फ्यूज बाहेर आला. मागे बोर्डावर कॉइल, आडवी पाडून चिकटवलेले दोन कॅपॅसिटर, प्रत्येक पोर्टमागे वेगळा छोटा घटक, आणि सगळ्यावर पांढरट रबरी गोंद, जेणेकरून खड्ड्यांच्या हादऱ्यांनी काही हलू नये. तो फ्यूज उडाल्यामुळेच बंद पडला होता, म्हणजे त्याने आपले काम केले होते.

स्वस्ताची कडी फिरेचना, कारण ती कडी नव्हतीच, फक्त तसा आकार दिलेले प्लास्टिक होते. दांडा दाबून उकलला तेव्हा आत फ्यूजच्या जागी काहीच नव्हते. टोकाची स्प्रिंग थेट बोर्डाला डाखलेली होती. आठ पायांची एक चिप, भुईमुगाच्या दाण्याएवढी कॉइल, दोन कॅपॅसिटर आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे इतर घटक. आत येणाऱ्या विजेच्या कॅपॅसिटरवर १६ व्होल्ट असे छापलेले होते. गाडी चालू असताना त्याला १४.४ व्होल्ट सोसावे लागणार, म्हणजे वर श्वास घ्यायला दीड व्होल्टचीच जागा. याच चार्जरच्या वेष्टनावर मात्र १२ ते २४ व्होल्ट असे ठसठशीत लिहिलेले होते. तो एखाद्या ट्रकमध्ये लावला गेला असता तर हा कॅपॅसिटर फुगून फुटण्याची वेळ फार लांब नसती.

‘पण गाडीला फ्यूज असतोच की’

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि सर्वांत जास्त फसवाही तोच आहे. सॉकेटच्या तारेवर गाडीत फ्यूज असतो हे खरे, पण तो किती अँपिअरचा आहे ते पाहावे. बहुतेक गाड्यांत तो १० ते २० अँपिअरचा असतो, कारण हे सॉकेट मुळात सिगारेट पेटवण्याच्या लायटरसाठी जन्माला आले. त्यातली तापणारी तार एका दमात आठ-दहा अँपिअर ओढत असे. हा फ्यूज गाडीच्या तारांचा पहारेकरी आहे. चार्जर किंवा फोन यांची राखण करणे त्याच्याकडे सोपवलेलेच नाही.

हिशेब करून पाहू. फोनला १० वॅट देणारा चार्जर गाडीकडून जेमतेम एक अँपिअर घेतो. समजा, आत काही बिघडले आणि तो एकाऐवजी आठ अँपिअर घेऊ लागला. १५ अँपिअरच्या फ्यूजच्या दृष्टीने यात वावगे काहीच नाही, तो स्वस्थ बसून राहील. पण आठ अँपिअर गुणिले बारा व्होल्ट म्हणजे शंभराच्या आसपास वॅट, आणि शंभर वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बला ज्याने चुकून हात लावला असेल त्याला ही उष्णता कशी असते हे वेगळे सांगायला नको. तीच उष्णता अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या नळीत कोंडली गेली की नळी मऊ होते, वास सुटतो आणि पुढे धूर येतो. चार्जरच्या टोकात स्वतःचा दोन-तीन अँपिअरचा फ्यूज असेल तर हे सगळे पहिल्याच क्षणी थांबते. माझ्या मते कार चार्जरमधला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे आणि तोच सर्वांत स्वस्तही आहे, हे थोडे चीड आणणारे आहे.

भिंतीवरच्या चार्जरची भीती इथे किती लागू?

नकली चार्जरांविषयीच्या बातम्या बहुतांशी घरच्या विजेवर चालणाऱ्या चार्जरांच्या असतात. यूएल या सुरक्षा-चाचणी संस्थेने २०१६ मध्ये ॲपलच्या नावाने विकले जाणारे ४०० नकली ॲडॅप्टर तपासले, तेव्हा तीन वगळता सारेच विद्युतरोधनाच्या चाचणीत नापास झाले आणि त्यांतले १२ तर जीवघेणा झटका बसेल इतके वाईट निघाले. हा निकाल भयंकर आहे, पण तो कार चार्जरला जसाच्या तसा लावणे चूक ठरेल. भिंतीवरच्या चार्जरमध्ये एका बाजूला शेकडो व्होल्ट असतात आणि दुसऱ्या बाजूला आपला हात, आणि दोहोंमधले रोधन हाच जीव वाचवणारा पडदा असतो. गाडीत मुळातच १२ व्होल्ट असतात. कोरड्या हाताला त्यांचा झटका बसत नाही, म्हणून कार चार्जरमध्ये असा पडदा नसतो आणि त्याची गरजही नसते. इथे धोका आहे तो उष्णतेचा आणि फोनच्या नुकसानीचा.

‘फोन स्वतःला सांभाळतो’

यात बरेच तथ्य आहे. ज्याला आपण चार्जर म्हणतो तो खरे तर फक्त वीजपुरवठा करणारा असतो. बॅटरी कशी, किती वेगाने आणि कुठवर भरायची हे ठरवणारा खरा चार्जर फोनच्या आतच असतो. लिथियम-आयन सेल साधारण ४.२ ते ४.४५ व्होल्टला भरली की तोच पुरवठा थांबवतो. बहुतेक आधुनिक फोनांच्या पोर्टमागे अतिदाब अडवणारा घटकही असतो, आणि जलद चार्जिंगचे फोन तर ९ व्होल्ट घेण्यासाठीच बनवलेले असतात. स्वस्त चार्जरमुळे फोनची बॅटरी थेट फुटली असे सहसा होत नाही, ते या अंतर्गत पहाऱ्यामुळेच.

तरीही दुसऱ्याच्या बेफिकिरीची किंमत या पहाऱ्याने रोज मोजावी, असे मानणे शहाणपणाचे नाही. जुने फोन, डॅशकॅम, छोटे स्पीकर, कानातले हेडफोन या सर्वांत तो तितका सशक्त नसतो. शिवाय एक गोष्ट हा पहारेकरी पुरती अडवू शकत नाही, ती म्हणजे खडबडीत वीज. सरासरी पाच व्होल्ट असूनही दाब सतत वर-खाली थरथरत असेल, तर फोनचा पडदा स्पर्श ओळखताना गोंधळतो. चार्जिंगला लावल्यावर अक्षरे चुकीची उमटू लागणे, बोट न लावता नकाशा सरकणे, ही त्याचीच लक्षणे. हाच गोंगाट रेडिओतही शिरतो. एफएमवर क्षीण ऐकू येणारे केंद्र लावावे आणि चार्जर आत-बाहेर करून पाहावा. लावताक्षणी खरखर वाढत असेल तर आत गोंगाट रोखणारे घटक नाहीत, असे खुशाल समजावे. फुकटात होणारी ही चाचणी मला फार आवडते.

जास्त अँपिअरची भीती

जास्त अँपिअरचा चार्जर फोनमध्ये जबरदस्तीने वीज कोंबतो, हा समज खरा नाही. किती प्रवाह घ्यायचा हे फोन ठरवतो, चार्जर फक्त कुठवर देऊ शकतो ते सांगतो. घोटाळा होतो तो चार्जरने आपली ऐपत फुगवून सांगितली की. यूएसबीच्या तारांवर ठरावीक खूण ठेवून चार्जर फोनला कळवतो, की माझ्याकडून दोन अँपिअर घ्यायला हरकत नाही. ही खूण करायला फार तर एक-दोन रोधक लागतात, प्रत्यक्ष दोन अँपिअर द्यायला मात्र जाड कॉइल आणि दमदार चिप लागते. फोन विश्वासाने मागत जातो आणि चार्जर तापत जातो.

केबलचीही तीच तऱ्हा. गूगलमधील अभियंता बेन्सन लेउंग यांनी २०१५ पासून बाजारातल्या यूएसबी-सी केबली एकेक करून तपासायला घेतल्या होत्या. अनेक केबलींत चुकीच्या मापाचा रोधक होता, ज्यामुळे फोन पोर्टच्या ताकदीपेक्षा जास्त प्रवाह मागत असे, आणि २०१६ च्या सुरुवातीला तर उलट्या जोडलेल्या एका केबलने त्यांचा तपासणीचा लॅपटॉपच निकामी केला. चार्जर उत्तम घेऊन केबल कुठलीतरी वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

उन्हात उभी गाडी

वरच्या सगळ्याला वेग देणारी गोष्ट म्हणजे उष्णता. बंद गाडी उन्हात उभी राहिली की आतली हवा ६० अंश सेल्सियसच्या पुढे जाऊ शकते, आणि डॅशबोर्डचा पृष्ठभाग त्याहूनही तापतो. चार्जरमधले कॅपॅसिटर आत ओलसर रसायन बाळगून असतात, ते उष्णतेने हळूहळू सुकते. तापमान दर १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. सुकलेला कॅपॅसिटर वीज सपाट करू शकत नाही. वर्षभर बरा चाललेला चार्जर अचानक फोनचा पडदा नाचवू लागतो, तो यामुळे.

दुसरी उष्णता सॉकेटमध्येच जन्मते. चार्जर सैल बसत असेल तर टोकाचा स्पर्श अर्धवट होतो, तिथे रोध वाढतो आणि ती जागा तापते. दहा वॅटच्या चार्जरला हे फारसे भोवत नाही. पण लॅपटॉपही चार्ज करणारे ६० वॅटचे चार्जर सॉकेटमधून पाच-सहा अँपिअर ओढतात, आणि स्पर्शातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे प्रवाह पाचपट तर उष्णता पंचवीसपट. म्हणून जलद चार्जर स्वस्तातला घेणे हे साधा चार्जर स्वस्तातला घेण्यापेक्षा बरेच अधिक धोक्याचे आहे. एका सॉकेटचे तीन करणारे जोडही याच कारणाने टाळावेत.

खुणा आणि चाचण्या

वेष्टनावरच्या खुणांवर किती विश्वास ठेवावा? सीई ही युरोपीय नियमांची खूण या प्रकारच्या वस्तूंवर उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, एफसीसी या अमेरिकी दूरसंचार नियामक संस्थेच्या खुणेचा संबंध रेडिओ-गोंगाटाशी आहे, आणि वर्तुळातले ई अक्षर व आकडा वाहनांसाठीच्या मान्यतेचे असतात. गाडीच्या बॅटरीवर चालणाऱ्या ॲडॅप्टरांसाठी यूएल २०८९ हे सुरक्षेचे खास मानक आहे, आणि यूएलची मान्यता त्यांच्या यादीत शोधून पडताळता येते. छापलेली खूण कोणीही छापू शकतो, यादीतले नाव तसे घुसवता येत नाही. उत्पादकाचे नाव-गावही नसलेल्या चार्जरवर सहा खुणा असतील, तर त्या सहाही मी शून्य धरतो.

घरच्या घरी करण्याजोगे बरेच आहे. यूएसबी मीटर नावाचे बोटभर यंत्र मिळते, ते चार्जर आणि केबल यांच्या मध्ये लावले की व्होल्ट आणि अँपिअर दिसतात. फोन रिकामा असताना, म्हणजे तो भरपूर वीज मागत असताना, साध्या चार्जरवर आकडा ४.७५ च्या खाली जात असेल तर चार्जरची ऐपत कमी आहे. अशा साध्या, जलद नसलेल्या चार्जरवर तो कधीही ५.५ च्या वर दिसला तर तो चार्जर परत लावू नये. मीटर नसेल तर अर्ध्या तासाने चार्जर हातात धरावा. कोमट लागणे स्वाभाविक आहे, पण मुठीत धरवत नसेल, किंवा तापलेल्या प्लास्टिकचा वास येत असेल, तर त्याचे दिवस भरले आहेत. स्वस्त चार्जर वापरायचाच असेल तर तो इंजिन सुरू झाल्यानंतर लावावा आणि उतरताना काढावा, म्हणजे स्टार्टरचे झटके आणि उन्हातले तास दोन्ही टळतात. काढताना केबल ओढू नये, दांडा धरावा. टोक तुटून सॉकेटमध्ये राहिले तर ते पक्कडीने काढायच्या आधी त्या सॉकेटचा फ्यूज उपसून ठेवावा. धातूची पक्कड मधल्या आणि बाजूच्या भागाला एकदम टेकली की ठिणगी हमखास उडते.

मग गाडीचाच पोर्ट किंवा पॉवर बँक वापरावी का?

गाडीतच बसवून आलेला यूएसबी पोर्ट या सर्वांत निर्धोक, कारण तो गाडीच्या विजेचे चढउतार गृहीत धरूनच घडवलेला असतो. त्याची अडचण वेगळी आहे: अनेक गाड्यांत तो गाणी वाजवण्यासाठी दिलेला असल्यामुळे अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅटच देतो, आणि नकाशा चालू ठेवलेला फोन त्याहून जास्त खात असल्याने चार्जिंगला लावूनही टक्केवारी उतरत जाते. पॉवर बँकेचा पर्याय पुष्कळ जण सुचवतात, तो बॅग खांद्याला लावून उतरणाऱ्यांना ठीक आहे. गाडीत ठेवून जाण्यासाठी मात्र तो कार चार्जरहून वाईट, कारण अगदी भिकार कार चार्जरमध्येही स्वतःची साठवलेली ऊर्जा जवळजवळ नसते आणि सॉकेटमधून काढला की तो थंड पडतो. पॉवर बँकेत लिथियमच्या सेल भरलेल्या असतात, आणि तापलेल्या डॅशबोर्डवर त्या पेटल्या तर उपसून ठेवायला कुठलाही फ्यूज नसतो.